गुच्छी (मोरेल) आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी अळंब्या : ओळख, उभा छेद, शिजवणं

रानवाट

वसंतात गुच्छीच्या ओळखीचे प्रश्न सुटे सुटे येतात आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात, म्हणून हा एकत्र धागा. गुच्छी म्हणजे मोरेल, शास्त्रीय प्रजाती मोर्केला.

आधी हे स्पष्ट करतो की रंग, उंची आणि टोपीचा बाहेरचा आकार यांवर ओळख ठरत नाही. गुच्छी पिवळसर असते, राखाडी असते, तपकिरी असते, काळपटही असते. बोटाच्या पेराएवढी असते आणि वीतभरही वाढते. एकच गुच्छी कोवळेपणी राखाडी आणि वाढल्यावर पिवळी दिसू शकते.

"कापल्यावर पोकळ निघाली की गुच्छी" हा नियम सगळीकडे सांगितला जातो. तो अर्धवट आहे, आणि त्यावर विसंबणं धोक्याचं आहे. पोकळपणा हा तीन खुणांपैकी एक. पहिली खूण टोपीच्या पृष्ठभागाची: तिथे खोल खळगे हवेत, आणि प्रत्येक खळगा चारही बाजूंनी कंगोऱ्यांनी बंद हवा. दुसरी खूण जोडाची: टोपीची खालची कड देठालाच मिळालेली हवी, झालरीसारखी लोंबणारी नको. तिसरी खूण पोकळीची: टोपीच्या शेंड्यापासून देठाच्या बुडापर्यंत सलग एकच पोकळी हवी, मध्ये पडदा नको, कप्पे नकोत, कापूस नको. तिन्ही खुणा एकाच नगात जुळल्या तर ती गुच्छी. दोन जुळल्या आणि तिसरीबद्दल शंका असेल तर तो नग खाण्यात घ्यायचा नाही.

छेद नेहमी उभा घ्यायचा. धारदार पातळ सुरी शेंड्याच्या मधोमध ठेवून सरळ बुडापर्यंत न्यायची. आडवा छेद घेतला तर टोपीची जोड दिसतच नाही, नुसतं देठाचं भोक दिसतं आणि तेच फसवं आहे. बोथट सुरीने देठ चेपतो, आतल्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि कप्पे असल्याचा भास होतो. अशा वेळी दोन्ही अर्ध पाण्यात सोडावीत, चेपलेली भिंत उघडते. गुच्छीची भिंत पातळ, मेणासारखी आणि ठिसूळ असते. आतला पृष्ठभाग पांढरट आणि रव्यासारखा कणीदार असतो.

आणि हे प्रत्येक नगाचं करायचं. टोपलीतले दहा बघून बाकीचे गृहीत धरायचे नाहीत. विषारी अळंब्या त्याच हंगामात, कधी कधी त्याच झाडाखाली, हातभर अंतरावर उगवतात.

नवखा७

चांगला धागा. एक प्रत्यक्ष उदाहरण विचारतो. पाइनखालच्या रेताड जमिनीतली अळंबी आहे. टोपी तांबूस तपकिरी, मेंदूसारख्या वळ्यांची. उभी कापली तर देठ आत पोकळ आहे. टोपीही आतून बरीचशी रिकामी, पण देठाला दोन-तीन जागी चिकटलेली. वास छान येतो, किड्यांनीही कुरतडली आहे. पोकळ आहे, वसंतात आली आहे, मग गुच्छी का नाही?

पाचोळा

नवखा७, ती बाजूला ठेवा, आणि चाखून बघू नका. तुम्ही केलेलं वर्णन जायरोमित्रा एस्क्युलेंटाचं आहे. खोट्या गुच्छ्यांमधली सगळ्यात धोकादायक हीच. पाइनखाली, रेताड किंवा उकरलेल्या जमिनीत, वसंतात, हे तिचं नेहमीचं ठिकाण.

तुमच्याच वर्णनात दोन खुणा चुकल्या आहेत. एक म्हणजे वळ्या. गुच्छीचा पृष्ठभाग आत गेलेला असतो, जायरोमित्राचा बाहेर फुगलेला. हलकं बोट फिरवून पाहा. गुच्छीवर बोटाला कंगोऱ्यांच्या कडा लागतात आणि मध्ये खळगा रिकामा लागतो. जायरोमित्रावर बोट गोलसर उंचवट्यांवरून घसरत जातं, त्यांच्यामधल्या फटी अरुंद आणि नागमोडी असतात, पण चारही बाजूंनी बंद असा एकही खळगा सापडत नाही. दुसरी खूण म्हणजे टोपी देठाला दोन-तीन जागी चिकटलेली असणं. गुच्छीत टोपीची आणि देठाची पोकळी एकच असते, तुमच्या नगात टोपीची पोकळी वेगळी आणि देठाची वेगळी आहे.

जायरोमित्राचा देठ बऱ्याचदा खरोखरच पोकळ असतो, म्हणूनच रानवाट म्हणतात तो "पोकळ" नियम इथे हमखास फसतो. जायरोमित्रा गिगास आणि तिच्या जवळच्या जाती थोड्या वेगळ्या दिसतात. त्यांचा देठ जाडजूड, आखूड, आत घड्यांवर घड्या आणि कप्पे. त्या कापल्यावर पटकन ओळखू येतात. एस्क्युलेंटाचा लहान, सडपातळ नग जास्त फसवतो.

वास आणि किडे यांना ओळखीत काही अर्थ नाही. गोगलगाय आणि अळ्या जे खातात ते माणसाला चालतंच असं नाही. चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण निळा होणं, भाताचा रंग बदलणं या सगळ्या चाचण्याही खोट्या आहेत. जायरोमित्रिन, म्हणजे जायरोमित्रातलं विष, अशा कुठल्याच वस्तूवर रंग दाखवत नाही.

ओलीमाती

पाचोळा यांच्याशी पूर्ण सहमत. जायरोमित्रापेक्षा मला स्वतःला व्हर्पा (गुच्छीसारखी दिसणारी आणखी एक अळंबी) जास्त अवघड वाटते, कारण एक खरी गुच्छीही तिच्यासारखीच दिसते. अर्धमुक्त टोपीची गुच्छी, म्हणजे मोर्केला सेमिलिबेरा आणि तिच्या जवळच्या जाती. टोपी लहान, देठ लांब, टोपीची खालची कड लोंबती. रानवाट यांनी वर "लोंबणारी नको" लिहिलंय, त्या नियमाने ही खरी गुच्छी बाद होते. नवीन माणसासाठी ते ठीकच आहे, पण फरक कळायला हवा.

रानवाट

बरोबर, ते सोडून दिलं होतं कारण सुरुवातीला ही जात गोळा न करणंच योग्य. तरी फरक लिहितो, कारण टोपलीत ती येतेच.

टोपी न कापता नग उभा धरा. एक पातळ काडी, काडेपेटीतली किंवा दातकोरणी, झालरीच्या खालून देठाला समांतर वर सरकवा. व्हर्पात काडी अडथळ्याशिवाय थेट शेंड्यापर्यंत जाते, कारण टोपी फक्त शेंड्याशी जोडलेली असते. बोटावर घातलेल्या शिवणाच्या टोपणासारखी ती देठावर नुसती बसलेली असते, हलक्या हाताने ओढली तर सुटून येते. अर्धमुक्त गुच्छीत काडी टोपीच्या साधारण मध्यापर्यंत जाऊन अडते. मग उभा छेद घ्या, काडी जिथे अडली तिथेच जोड दिसला पाहिजे.

काळ्या गुच्छीच्या काही जातींत टोपी आणि देठ मिळतात तिथे एक छोटी खोबण असते, कड किंचित बाहेर आलेली दिसते. तिथे काडी जेमतेम काही मिलिमीटर आत जाते. ती झालर नव्हे.

व्हर्पा बोहेमिकाच्या टोपीवर सुरकुत्या असतात, त्या वरून खाली उभ्या जातात आणि अधूनमधून एकमेकींना मिळतात, पण खोल बंद खळगे होत नाहीत. व्हर्पा कोनिकाची टोपी तर जवळजवळ गुळगुळीत. देठाच्या आत कोवळेपणी पांढरा, कापसासारखा भुसभुशीत गाभा असतो, भेंडासारखा. पण नग जून झाला, किड्यांनी पोखरला किंवा पावसात भिजला की तो गाभा झडतो आणि देठ पोकळ दिसतो. म्हणजे व्हर्पाच्या बाबतीतही पोकळपणावर निर्णय घेता येत नाही, निर्णय टोपीच्या जोडावर घ्यायचा. आतल्या भिंतीवर कापसाचे तंतू चिकटलेले आहेत का ते भिंगाने बघता येतं.

नवखा७

धन्यवाद, बाजूला ठेवली. व्हर्पाही जायरोमित्राइतकीच विषारी असते का? काही जण खातात असं वाचलं.

पाचोळा

नाही, तितकी नाही. व्हर्पा बोहेमिकात जायरोमित्रिन असल्याचं दिसत नाही. पण पोट बिघडणं, आणि जास्त प्रमाणात किंवा लागोपाठ काही दिवस खाल्ल्यावर हातापायांचा तोल जाणं अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. काही लोक ती उकळून खातात हे खरं. माझं मत स्पष्ट आहे: जिच्या बाबतीत प्रमाण सांभाळावं लागतं आणि सुरक्षित प्रमाण किती हे कुणीच सांगू शकत नाही, ती अळंबी ताटात नको.

सूक्ष्मनजर

ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे त्यांना व्हर्पा-गुच्छीचा वाद पाच मिनिटांत मिटवता येतो.

टोपीच्या खळग्याच्या तळातून टाचणीच्या टोकाएवढा तुकडा घ्या. कंगोऱ्यावरून घेऊ नका, गुच्छीच्या कंगोऱ्यावर बीजाणू तयार होत नाहीत, ते खळग्यात तयार होतात. काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब, त्यात तुकडा, वर पातळ काच ठेवून बोटाने अलगद दाबा. ४०० पट वाढवून पाहिलं तर लांब नळीसारख्या पिशव्या दिसतात. गुच्छीत प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू असतात, लंबगोल, गुळगुळीत, साधारण २० ते २५ मायक्रॉन लांब. व्हर्पा बोहेमिकात पिशवीत बहुधा दोनच बीजाणू आणि तेही प्रचंड, ६० मायक्रॉन आणि त्याहून लांब. हा फरक इतका ठळक आहे की मोजपट्टी नसली तरी चालतं. मात्र हा निकष व्हर्पा कोनिकाला लागू नाही, तिच्यात आठच असतात. तिची टोपी गुळगुळीत असल्याने तशी गरजही पडत नाही.

जायरोमित्रा एस्क्युलेंटाच्या बीजाणूच्या आत तेलाचे दोन थेंब दिसतात, दोन टोकांकडे एकेक. गुच्छीच्या बीजाणूच्या आत थेंब नसतात. दोन्ही टोकांना बाहेरून बारीक थेंबांचा पुंजका दिसू शकतो. हे थेंब बघायचे तर पाण्यातच बघा, पोटॅशचं द्रावण वापरलं तर ते नाहीसे होऊ शकतात.

बीजाणूंचा ठसा घेण्याबद्दल विचारणा होते. काचेवर टोपी रात्रभर ठेवून ठसा जरूर मिळतो, गुच्छीचा फिकट पिवळसर. पण व्हर्पाचाही पिवळसरच. इथे ठशाने काम होत नाही.

ओलीमाती

छान माहिती. यात फॅलस या दुर्गंधी अळंबीची भर घालतो, कारण पाऊस पडून गेल्यावर ती हमखास गुच्छी म्हणून आणली जाते.

फॅलस इम्प्युडिकस ताजी असताना टोपीवर हिरवट काळा चिकट थर असतो, सडक्या मांसासारखा वास मारतो आणि त्यावर माश्या बसतात. तेव्हा कुणी फसत नाही. पण माश्यांनी आणि पावसाने तो थर धुऊन नेला की खाली पांढरट, जाळीदार खळग्यांची टोपी उरते, वास जवळजवळ जातो, आणि वरून पाहिलं तर ती हुबेहूब फिकट गुच्छी. बघायच्या जागा तीन. शेंड्यावर छोटं गोल छिद्र. देठाची भिंत फोमसारखी, असंख्य छिद्रांची, दाबली की दबते आणि परत फुगते. गुच्छीची भिंत दाबली की तडकते. आणि बुडाशी मातीत पांढरट, कातड्यासारखी पिशवी. म्हणूनच ओळख पक्की होईपर्यंत पहिले काही नग जमिनीलगत कापायचे नाहीत, बोटं खाली घालून बुडासकट उचलायचे. कापून आणलेल्या नगाला ती पिशवी राहत नाही आणि महत्त्वाचा पुरावा रानातच राहतो.

अंड्याच्या अवस्थेतली फॅलस कापली तर आत जेलीचा थर आणि मध्ये घडी घातलेला पांढरा देठ दिसतो. विषाच्या दृष्टीने ही जायरोमित्राच्या जवळपासही नाही, पण ती गुच्छी नाही एवढं नक्की.

हेल्व्हेला या आणखी एका अळंबीबद्दल थोडक्यात: टोपी खोगिरासारखी किंवा वेडीवाकडी दुमडलेली, देठावर खोल उभ्या पन्हाळी. खळगे नाहीत. एकदा पाहिली की पुन्हा गल्लत होत नाही.

नाडी

वैद्यकीय बाजू लिहितो, कारण "उकळलं की विष जातं" हा समज वारंवार दिसतो.

जायरोमित्रिन पोटात गेल्यावर आम्लामुळे फुटतं आणि शेवटी त्याचं मोनोमिथाइल हायड्राझिन होतं. हेच रसायन अग्निबाणाचं इंधन म्हणून वापरतात. ते शरीरातल्या ब-६ जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतं. त्यामुळे मेंदूतलं गाबा नावाचं शांत करणारं रसायन तयार होणं घटतं, आणि झटके येतात. शिवाय यकृताला इजा होते आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना हा शेवटचा धोका जास्त.

लक्षणं सहसा ६ ते १२ तासांनी सुरू होतात, कधी त्याहूनही उशिरा. मळमळ, उलट्या, जुलाब, पोटदुखी, डोकेदुखी, थकवा. काहींना एवढ्यावरच आराम पडतो. गंभीर प्रकरणांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावीळ, गोंधळलेपण, झटके. जेवणानंतर चार तास काही झालं नाही म्हणजे सुटलो असा अर्थ होत नाही, उलट उशिरा सुरू होणारी लक्षणं जास्त काळजीची.

जायरोमित्रा खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता रुग्णालयात जा. घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका. उरलेली अळंबी, शिजवलेली आणि कच्ची दोन्ही, आणि केरात टाकलेले देठाचे तुकडेसुद्धा कागदात गुंडाळून सोबत न्या. किती वाजता खाल्लं, साधारण किती, आणखी कोणी खाल्लं, सोबत मद्य होतं का, हे लिहून न्या. डॉक्टरांना "जायरोमित्रिनची शंका आहे" हे शब्द सांगा. झटक्यांवर पायरिडॉक्सिन म्हणजे ब-६ शिरेतून देतात, क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडच्या विषबाधेत देतात तसंच. ब-६च्या गोळ्या घरी घेऊन मात्र यातलं काहीही साध्य होत नाही, आणि ब-६ने यकृत वाचत नाही.

आता उकळण्याबद्दल. मोनोमिथाइल हायड्राझिन सुमारे ८७ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून उकळून पाणी फेकलं की बरंचसं विष जातं. पण बरंचसं म्हणजे सगळं नव्हे. आणि ते हवेत जातं, बंद स्वयंपाकघरात भांड्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्या वाफेनेही बाधा होते. वाळवल्यानेही प्रमाण घटतं, शून्य होत नाही. शिवाय सुरुवातीचं प्रमाण माहीत नसतं: ताज्या जायरोमित्रा एस्क्युलेंटात किलोमागे ४० मिलिग्रॅमपासून ७३२ मिलिग्रॅमपर्यंत आकडे नोंदलेले आहेत. दिसायला सारख्या दोन नगांत इतका फरक.

नवखा७

पण फिनलंडमध्ये ती कायदेशीरपणे विकतात ना? तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या खातात.

नाडी

विकतात, हे खरं. विक्रीसोबत ती विषारी असल्याची सूचना आणि हाताळण्याच्या सूचना देणं तिथे बंधनकारक आहे. शेजारच्या स्वीडनमध्ये ती न खाण्याचा सल्ला दिला जातो. स्पेनमध्ये विक्रीवर बंदी आहे.

पिढ्यान्‌पिढ्या खाण्याबद्दल: हायड्राझिनचा निचरा शरीर किती वेगाने करतं हे अनुवांशिक असतं. काहींच्यात ते मंद असतं. एकाच भांड्यातलं खाऊन एकाला काही होत नाही आणि दुसरा अत्यवस्थ होतो, यामागे हे एक कारण आहे. फ्रेंच आल्प्समधल्या मोंशाव्हँ गावात एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अनपेक्षितपणे एकत्र सापडले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या रुग्णांमध्ये जायरोमित्रा वारंवार खाण्याचा इतिहास आढळला. याने कार्यकारण सिद्ध झालं असं म्हणता येत नाही, पण "आम्हाला आजवर काही झालं नाही" हा युक्तिवाद किती लंगडा आहे हे त्यातून दिसतं.

शिधा

ओळख पक्की झाली, खरी गुच्छी आहे, तरी काम संपत नाही. खरी गुच्छीही कच्ची विषारीच असते. कोशिंबिरीत घालणं, वरून नुसती किसणं, तव्यावर एक मिनिट परतून काढणं, यातलं काहीही चालत नाही.

२०२३च्या वसंतात अमेरिकेतल्या मॉन्टॅना राज्यात एका उपाहारगृहात कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गुच्छी खाऊन ५१ जण आजारी पडले, त्यांपैकी दोघे दगावले. ती गुच्छी लागवडीची होती आणि गुच्छीच होती, खोटी नव्हती. नेमकं कुठलं द्रव्य कारण आहे हे अजून पक्कं सांगता येत नाही, म्हणून नीट शिजवणं हाच उपाय.

पद्धत: प्रत्येक नग उभा दोन भाग करून घ्यावा. खळग्यांत वाळू आणि पोकळीत मुंग्या, गोम, अळ्या असतात. मोठ्या भांड्यात थंड पाण्यात हाताने हलवून, वर उचलून घ्यावी. पाणी ओतून गाळू नये, तळाची वाळू परत वर येते. दोन-तीनदा पाणी बदलावं. तासन्‌तास भिजत ठेवू नये, खळग्यांत पाणी भरतं आणि परतताना ती तळली न जाता पाण्यातच राहते.

मग झाकण ठेवून मंद ते मध्यम आचेवर, स्वतःच्या पाण्यात आणि लागलं तर थोडं वरून पाणी घालून, उकळी आल्यापासून १५ ते २० मिनिटं. त्यानंतर झाकण काढून पाणी आटवा आणि हवं तसं परता. मोठे जाड नग आणखी कापून घ्या, नाहीतर बुडाचा भाग कच्चा राहतो. भांडं खचाखच भरलं असेल तर मधली शिजतात, वरची नुसती वाफावतात, म्हणून मध्ये दोनदा हलवायचं. शिजताना खिडकी उघडी हवी.

पहिल्यांदा खाणाऱ्याने शिजवलेले दोन-तीन नग खाऊन एक दिवस थांबावं. भरपूर खाऊ नये. जास्त प्रमाणात खाल्ल्यावर साधारण १२ तासांनी चक्कर, थरथर, चालताना तोल जाणं असा मज्जासंस्थेचा त्रास फ्रान्समध्ये बऱ्याच जणांना झाल्याची नोंद आहे, आणि तीही खऱ्या गुच्छीने. मद्यासोबतही त्रास झाल्याची उदाहरणं आहेत, त्या जेवणात ते नको. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना रानातली अळंबी देऊच नये.

एक न शिजवलेला नग कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन दिवस बाजूला ठेवायचा. कोणाला त्रास झालाच तर ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

ओलीमाती

वाळवलेल्या गुच्छीला हे सगळं लागू आहे का? वाळवल्यावर ती कच्ची खाता येते असा एक समज आहे.

शिधा

पूर्ण लागू आहे. वाळवणं ही टिकवण्याची रीत आहे, शिजवण्याची नव्हे. भुकटी करून पदार्थावर शेवटी भुरभुरणंही टाळा, भुकटी आधीच घालून पदार्थासोबत उकळू द्या.

वाळवताना ५० ते ५५ अंश सेल्सिअसला, उभे अर्ध पसरून, वारा खेळता ठेवून ८ ते १२ तास. वाकवल्यावर काडकन मोडली तर झाली. लवचीक राहिली तर डब्यात बुरशी येते. वाळवल्यावर वजन साधारण दहावा भाग उरतं. वापरताना कोमट पाण्यात २० ते ३० मिनिटं भिजवायची. ते पाणी मी टाकून द्यायला सांगतो. गाळून वापरायचंच असेल तर अळंबीसोबत पूर्ण वेळ उकळलं पाहिजे. ताजी ठेवायची तर कागदी पिशवीत, फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी सुटतं, ती बुळबुळीत होते आणि मग जिवाणूंचा त्रास वेगळाच. खरी गुच्छी सडून झालेली विषबाधा आणि खोटीची विषबाधा सुरुवातीला सारखीच दिसते.

सूक्ष्मनजर

वाळक्या मालात आणखी एक अडचण. सुकल्यावर खळगे आकसतात, जायरोमित्राच्या वळ्याही आकसून कंगोऱ्यांसारख्या दिसतात. रानातून गोळा केलेल्या मालात व्हर्पा आणि जायरोमित्रा मिसळलेल्या सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून विकत घेतलेली अख्खी वाळकी गुच्छी आधी भिजवा, फुगू द्या, मग एकेक उभी कापून रानवाट यांच्या तिन्ही खुणा तपासा, आणि नंतरच भांड्यात टाका. तुकडे किंवा भुकटी असेल तर ही तपासणी करताच येत नाही, म्हणून अख्खीच घ्यावी. दोऱ्यात ओवलेली असेल तर ओवण्याचं भोक आणि किड्याचं भोक यात गल्लत होऊ नये, ओवण्याचं भोक आरपार आणि समोरासमोर असतं.

पाचोळा

जागेबद्दल कोणी लिहिलं नाही, ते लिहितो. गुच्छी साधारण जमिनीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की उगवायला लागते. मरणाऱ्या एल्मखाली, ॲशखाली, जुन्या सफरचंदांच्या बागांत, आणि वणवा लागून गेलेल्या सूचिपर्णी जंगलात पुढच्या वसंतात. जागेवरून ओळख ठरवायची नाही, पण जागेवरून खावी की नाही हे मात्र ठरतं.

जुन्या सफरचंदांच्या बागांत पूर्वी लेड आर्सेनेट हे कीटकनाशक वर्षानुवर्षं फवारलं गेलं. शिसं आणि आर्सेनिक दोन्ही मातीत राहतात, दशकं उलटली तरी जात नाहीत, आणि अशा जागच्या गुच्छीत ती सापडली आहेत. धुऊन किंवा शिजवून धातू जात नाहीत. त्याच कारणासाठी रस्त्याच्या कडा, रेल्वेमार्ग, कारखान्यांचे आवार, तणनाशक मारलेल्या जागा वर्ज्य. वणव्याच्या जागी नुसतं जंगल जळलंय का, की घरं, गाड्या, तारा जळल्यात हे बघा. बागेत टाकलेल्या लाकडाच्या भुश्यावर मोर्केला रुफोब्रुनिया उगवते, गुच्छीच आहे, हाताळल्यावर लालसर होते. पण तो भुसा प्रक्रिया केलेल्या लाकडाचा आहे का ते कळल्याशिवाय खाऊ नये.

नवखा७

शेवटचा प्रश्न. ओळखीसाठी इथे फोटो टाकायचे तर कसे टाकू? मोबाइलमधलं ॲप माझ्या नगाला "मोरेल" म्हणत होतं.

रानवाट

ॲप वरून काढलेला एक फोटो बघतं. टोपीची जोड आणि आतली पोकळी त्याला दिसतच नाही, म्हणजे ज्या दोन खुणांवर निर्णय आहे त्याच वगळून ते उत्तर देतं. खाण्याच्या निर्णयासाठी ते वापरू नका.

फोटो असे काढा. जागेवर उभी असताना बाजूने एक, आजूबाजूचा पाला आणि झाडाचं खोड दिसेल असा दुरून एक. मग बुडासकट उचलून आडवी ठेवून एक, बूड स्पष्ट दिसलं पाहिजे. टोपीचा पृष्ठभाग जवळून, सावलीत, फ्लॅश न वापरता. फ्लॅशने खळगे सपाट दिसतात. झालरीखालचा भाग खालून वर बघत. आणि उभा छेद, दोन्ही अर्ध शेजारी, शेजारी मोजपट्टी. छेद ताजा हवा, तासाभराने कडा सुकतात आणि गाभा आकसतो. जमिनीचं वर्णन, झाडाचं नाव, महिना, आधीच्या आठवड्यातला पाऊस एवढं सोबत लिहा.

एकाच जागी मिळालेले नगही वेगवेगळे क्रमांक देऊन टाका. एका नगाची ओळख दुसऱ्याला लावता येत नाही. आणि इथून कोणी "गुच्छीच आहे" म्हटलं तरी भांड्यात टाकण्याआधी ज्याला रानातला अनुभव आहे अशा माणसाच्या हातात प्रत्यक्ष नग द्या. फोटोवरून नाही म्हणणं सोपं आहे, हो म्हणणं नाही. तुमच्या नगाच्या बाबतीत फोटो टाकलेत तर "जायरोमित्रा आहे" एवढं आम्ही सांगू शकू. तोवर ती वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा, बाकीच्या टोपलीत परत टाकू नका. ज्या टोपलीत ती होती तिच्यातले पडलेले तुकडे झटकून काढा, आणि तिच्या शेजारच्या प्रत्येक नगाचा उभा छेद पुन्हा बघा.